नाकात फिलर घेण्याआधी: रात्री अकराला फोन कोण उचलणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, राहायला नाशिकला, लग्न पाच आठवड्यांवर. नाकाच्या मध्यावर हाड जरा उंच आहे आणि हसताना शेंडा खाली येतो. मुंबईतल्या एका क्लिनिकने सांगितलंय की फिलरने, म्हणजे कातडीखाली सुईने जेल भरून, वीस मिनिटांत नाक सरळ दिसेल, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी, आणि आवडलं नाही तर विरघळवता येतं. फिलर नको असेल तर धागे घालतो म्हणाले. ॲडव्हान्स भरून झालाय. आता घरचे म्हणतात, "डोळे जातात त्याने." क्लिनिक म्हणतं, "लाखात एखादी केस." खरं कोणाचं?

मी प्लास्टिक सर्जन आहे. नाकाची ऑपरेशनं करतो, निवडक लोकांना नाकात फिलरही देतो, आणि दुसरीकडे बिघडलेली नाकंही माझ्याकडे येतात. त्यामुळे माझा या उपचाराला सरसकट विरोध नाही.

घरच्यांचं आणि क्लिनिकचं, दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. फिलरने डोळा जाऊ शकतो, आणि तो फार क्वचित जातो. पण एवढ्यावर निर्णय घेता येत नाही. नाकातल्या फिलरची गंभीर गुंतागुंत क्वचित होते, मात्र झाली तर उपचाराला हातात काही तास असतात, डोळ्याच्या बाबतीत काही मिनिटं. म्हणून सुई मारणाऱ्याचा हात किती चांगला हे विचारण्याआधी मी विचारेन की त्याच्या कपाटात काय ठेवलंय आणि रात्री अकराला फोन कोण उचलतं.

आधी एक गैरसमज. फिलरने नाक लहान होत नाही, ते थोडं मोठंच होतं. उंच हाडाच्या वर आणि खाली भर घालून उंचवटा लपवतात. शेंडा उचलून दाखवायचा तर दोन नाकपुड्यांमधल्या खांबाच्या मुळाशी थोडा फिलर ठेवतात. एकूण लागतो तो साधारण ०.३ ते १ एमएल. मुळातच मोठ्या आणि रुंद नाकाला हा उपचार शोभत नाही. नाकातल्या तिरक्या पडद्यामुळे श्वास अडकत असेल तर त्यावरही याचा काही उपयोग नाही.

किरकोळ त्रास भरभर सांगतो. सूज, लाली, काळंनिळं पडणं, दाबल्यावर दुखणं हे बहुतेकांना थोडंफार होतं आणि आठवडाभरात जातं. एका बाजूला जास्त भर पडणं, हाताला गाठ लागणं, हेही होतं. नाकाच्या वरच्या भागात कातडी पातळ असते, तिथे फिलर उथळ पडला तर आतून निळसर दिसतो. ज्यांना ओठावर जर (तापासारखे फोड) उठतो त्यांना सुईनंतर तो पुन्हा उठू शकतो, तसं आधीच सांगितलं तर गोळी सुरू करता येते. यातलं काहीच फार घाबरण्यासारखं नाही.

घाबरण्यासारखं आहे ते रक्तवाहिनीचं. नाकाला दोन बाजूंनी रक्त येतं. खालून चेहऱ्याच्या धमनीच्या फांद्या येतात, नाकपुडीच्या कडेने वर चढतात आणि वरच्या ओठातून खांबातही शिरतात. वरून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून, ऑफ्थॅल्मिक धमनीची फांदी नाकावर उतरते. ही ऑफ्थॅल्मिक धमनी मेंदूला रक्त देणाऱ्या कॅरोटिड धमनीची शाखा आहे आणि डोळ्याच्या पडद्याची (रेटिनाची) धमनीही तिच्यातूनच निघते. या सगळ्या फांद्या नाकावर एकमेकींना जोडलेल्या असतात. शेंड्यावर सुई चुकली आणि डोळ्यावर बेतलं, असं का होतं ते या जोडणीवरून कळतं.

सुईचं टोक धमनीत असताना जोर लावला की जेल रक्ताच्या दाबावर मात करून उलट्या दिशेने, डोळ्याकडे सरकतं. दाब सोडला की रक्त त्याला पुन्हा पुढे ढकलतं, पण आता ते वाटेतल्या दुसऱ्या फांदीत जातं आणि ती फांदी डोळ्याच्या पडद्याची असू शकते. याला जेल किती लागतं? भुवईजवळच्या धमनीची कपाळापासून डोळ्याच्या खोबणीच्या टोकापर्यंतची मापं मृतदेहांवर घेतली गेली आहेत. आतली जागा सरासरी ०.०८५ एमएल भरली, म्हणजे एक एमएलच्या सिरिंजचा दहावा भागही नाही. जाणकार डॉक्टर फिलर अगदी थेंबाथेंबाने, हळू आणि कमी जोराने का सोडतात, याचं कारण हे आहे.

डोळ्यात जेल गेलं तर बहुतेक वेळा तिथल्या तिथे, खुर्चीतच कळतं. एका डोळ्याला अचानक दिसेनासं होतं. बरोबर डोळा किंवा डोकं जोरात दुखणं, उलटी, पापणी पडणं, डोळा न फिरणं यातलं काहीही असू शकतं. काहींना पक्षाघातही होतो, म्हणून अशा रुग्णाचा मेंदूचा एमआरआय झालाच पाहिजे. पडदा रक्ताविना किती वेळ तग धरतो? पुस्तकात साठ ते नव्वद मिनिटं लिहिलेली असतात, हल्ली त्याहून कमी मानतात. डोळ्यामागे फिलर विरघळवणारं इंजेक्शन देऊन पाहतात, डोळ्याचा दाब उतरवणारी औषधं देतात, मिटलेल्या पापणीवरून डोळ्याला मसाज करतात. पण गेलेली नजर खात्रीने परत आणणारा उपचार आज कोणाकडेच नाही.

'लाखात एक' या आकड्याचं काय? अमेरिकेतल्या ३७० त्वचारोगतज्ज्ञांकडून जमवलेली माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे १७ लाख सिरिंजचा तो हिशेब होता. रक्तवाहिनी बंद होण्याचं प्रमाण सुईने दिलेल्या ६,४१० सिरिंजमागे एक, आणि बोथट टोकाच्या नळीने, म्हणजे कॅन्युलाने, ४०,८८२ सिरिंजमागे एक असं आलं. हे आकडे पूर्ण चेहऱ्याचे आहेत, फक्त नाकाचे नाहीत. शिवाय ते शिकलेल्या तज्ज्ञांनी स्वतःच सांगितलेले आहेत. नाक ही चेहऱ्यावरच्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक. फिलरने नजर गेलेल्या ९८ रुग्णांचा आढावा २०१५ मध्ये आला, त्यात सर्वाधिक जणांना भुवयांच्या मध्ये टोचलेलं होतं आणि सुमारे एक चतुर्थांश जणांना नाकात. २०१९ च्या पुढच्या आढाव्यात ४८ नवे रुग्ण होते, त्यातले निम्म्याहून जास्त नाकाचे. नाकाला फिलर घेण्याची लाट आली आणि ही संख्या तिच्यामागोमाग वाढली, असं मला वाटतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) मे २०१५ मध्ये फिलर चुकून रक्तवाहिनीत जाण्याबद्दल इशारा दिला. त्यांच्या मान्यतेच्या यादीत गाल, ओठ, हनुवटी आहे, नाक नाही. म्हणजे तिथे नाकात फिलर देतात ते डॉक्टरांच्या स्वतःच्या जबाबदारीवर.

डोळ्याच्या बातम्या गाजतात, पण प्रत्यक्षात जास्त वेळा बिघडते ती कातडी. शेंड्याची आणि नाकपुडीची कातडी जाड, खाली चिकटलेली असते, तिला फुगायला जागा नसते. तिथल्या बारीक धमन्या बंद झाल्या किंवा बाहेरून दाबल्या गेल्या की रक्ताला दुसरी वाट मिळत नाही. गंमत अशी की नाकपुडीची कातडी जायला नाकात फिलर घ्यावाच लागतो असंही नाही. नाकाच्या बाजूने ओठाकडे उतरणारी घडी भरताना चेहऱ्याच्या धमनीत फिलर गेला तरी काळी पडते ती नाकपुडीच.

हे घडतं कसं ते नीट वाचा, कारण ओळखण्यात चूक इथेच होते. सुई चालू असताना किंवा लगेच नंतर कातडी पांढरी पडते. काही मिनिटांत किंवा तासांत तिथे जाळीदार, जांभळट नक्षी दिसू लागते. हळूहळू भाग काळपट होतो. दुसऱ्या तिसऱ्या दिवशी बारीक पांढऱ्या पुटकुळ्या येतात, मग खपली, आणि आठवड्याच्या सुमारास खालची कातडी मेलेली असल्याचं स्पष्ट होतं. गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेल्या डॉक्टरला आपल्या सावळ्या रंगावर पहिला पांढरेपणा दिसतच नाही, नक्षीही राखाडी किंवा तपकिरी वाटते. म्हणून रंगावर विसंबू नका. बोटाने शेंडा पाच सेकंद दाबा आणि सोडा. रंग दोन तीन सेकंदांत भरून आला पाहिजे. शंका वाटली तर गालावर तेच करून ताडून बघा. नाकावर स्पष्टपणे उशीर लागत असेल तर फोन करा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

"दुखत नाही, म्हणजे ठीक आहे," असं म्हणू नका. आजच्या बहुतेक फिलरमध्ये बधिर करणारं लिडोकेन मिसळलेलं असतं, त्यामुळे पहिले काही तास वेदना दडून राहू शकते. उलट घरी गेल्यावर दुखणं वाढत गेलं तर ते धोक्याचं चिन्ह. पुटकुळ्या दिसल्या की कोणीतरी ॲलर्जी म्हणतं, कोणी मुरूम, कोणी जर, आणि मलम देऊन पाठवतं. त्यात दोन दिवस जातात. फोनवरची रिसेप्शनिस्ट 'बर्फ लावा' म्हणते. साध्या सुजेला बर्फ चालतो, पण रक्त अडलं असेल तर तो वाहिन्या आणखी आवळतो. अशा वेळी कोमट शेक, हलका मसाज, आणि लगेच डॉक्टर.

फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचा, म्हणजे शरीरातही असणाऱ्या एका पदार्थाच्या जेलचा, असेल तर त्यावर उतारा आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम त्या भागात टोचलं की जेल विरघळतं. हे औषध मुळात नेत्रतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ वापरत आले आहेत, भारतात ते साधारण १५०० युनिटच्या कुपीत मिळतं. रक्त अडलं असताना नुसता शिंतोडा पुरत नाही. अख्खा भाग भिजेल इतकं, एका वेळी ५०० युनिट किंवा त्याहून जास्त द्यावं लागतं. मग तासाभराने दाबून बघायचं आणि रंग भरत नसेल तर पुन्हा द्यायचं. म्हणजे कपाटात एक कुपी असून भागत नाही, चार पाच तरी हव्यात. पहिल्याच दिवशी दिलं तर कातडी बहुतेक वाचते. दोन तीन दिवसांनी आलेल्या रुग्णालाही देतात, फायदा कमी होत जातो एवढंच. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ज्यांना मोठी रिॲक्शन आली आहे त्यांनी ते आधी सांगावं, कारण त्या विषातही हेच एन्झाइम असतं.

तेव्हा 'आवडलं नाही तर विरघळवता येतं' हे क्लिनिकचं वाक्य खरं आहे, फक्त फिलरपुरतं. गेलेली कातडी कोणत्याही एन्झाइमने परत येत नाही. मोठा भाग गेला तर काही महिने जखम भरू द्यायची आणि नंतर कपाळाची कातडी वळवून नाक दुरुस्त करायचं. १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या ज्या शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली आणि युरोपचे सर्जन थक्क झाले, ती हीच पद्धत. वीस मिनिटांच्या सौंदर्योपचारापायी कुणावर ही वेळ यावी, हे मला फार अघोरी वाटतं.

सगळे फिलर विरघळतात असंही समजू नका. कॅल्शियमचे कण असलेला, प्लास्टिकचे सूक्ष्म मणी असलेला किंवा सिलिकॉनचा फिलर हायल्युरोनिडेजला दाद देत नाही. चरबी टोचली तर तिलाही नाही. नाकात यातलं काहीही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. हा धडा नवा नाही. व्हिएन्नाचे सर्जन रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९ च्या सुमारास पॅराफिन (मेणासारखा पदार्थ) टोचण्याची पद्धत रूढ केली आणि बसकी नाकं उंच करायला ती युरोपभर गेली. १९०३ मध्येच नाकात पॅराफिन घेतल्यावर दोन्ही डोळे गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. ज्यांचे डोळे वाचले त्यांच्यापैकी कित्येकांच्या चेहऱ्यावर पुढे गाठी झाल्या.

डॉक्टर धोका कमी कसा करतात? रक्तवाहिन्या कातडीखालच्या थरांत असतात, म्हणून फिलर त्याहून खोल, हाडाला आणि कूर्चेला लागून, अगदी मधल्या रेषेत ठेवतात. कॅन्युला वापरली तर जाड, २५ नंबरची किंवा त्याहून जाड, कारण बारीक कॅन्युला सुईसारखीच धमनीत घुसते. सुईत रक्त येतं का ते ओढून बघतात, पण जेलने भरलेल्या सुईत धमनीत असूनही रक्त येईलच असं नाही. अलीकडे काही ठिकाणी सोनोग्राफीने आधी धमन्या पाहून घेतात, ते मला पटतं. यातल्या कशानेही धोका शून्य होत नाही.

आधी नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर धोका वेगळाच होतो. थर चिकटलेले असतात, धमन्यांच्या जागा बदललेल्या असतात, आणि खुल्या पद्धतीच्या ऑपरेशनमध्ये खांबातल्या धमन्या कापल्या गेलेल्या असतात. मग शेंडा बाजूच्या धमन्यांवरच जगतो. अशा नाकात फिलर द्यायला मी सहसा नकार देतो. उलट बाजूने, फिलर घेतलेल्या माणसाला पुढे ऑपरेशन करायचं ठरलं तर तो आधी विरघळवून मध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात.

आता धागे. नाकात घालतात ते बहुतेक पीडीओचे, म्हणजे आतल्या टाक्यांना वापरतात त्याच पदार्थाचे, काटेरी. शेंड्याजवळ भोक पाडून जाड सुईतून नाकाच्या लांबीने आणि खांबात उभे सरकवतात. तंबूच्या खांबाने कापड वर धरावं तसे ते शेंडा वर धरतात. डोळ्याचा धोका फिलरपेक्षा बराच कमी, कारण जेल दाबाने ढकललं जात नाही. पण धाग्याचं टोक त्याच कातडीवर सतत आतून टेकलेलं राहतं. ते शेंड्यातून किंवा नाकाच्या आतून बाहेर डोकावतं, तिथे जंतू शिरतात, लाल गाठ येते, पू होतो. नाक तिरकं दिसणं, खळगा पडणं हेही आहेच. धागा सहा ते आठ महिन्यांत विरघळतो म्हणतात, पण बाहेर आलेला किंवा पू झालेला धागा विरघळायची वाट बघत नसतात, तो काढावाच लागतो. काटेरी धागा काढणं घालण्याइतकं सोपं नसतं. शेंडा वर राहतो तो बहुधा काही महिनेच. तुमच्यासाठी मी धागे सुचवणार नाही.

हसताना शेंडा खाली येतो त्याला कधीकधी एक छोटा स्नायू कारण असतो, तिथे बोटॉक्सचे, म्हणजे स्नायू काही काळ ढिला करणाऱ्या औषधाचे, थोडे थेंब देता येतात. बिघडलं तर हसू वाकडं दिसतं किंवा वरचा ओठ लोंबतो. तीन चार महिन्यांत सगळं पूर्ववत होतं, पण लग्नाचे फोटो त्या तीन महिन्यांतच निघतात!

सुई न वापरता हवेच्या दाबाने फिलर घुसवणारे पेन काही पार्लरमध्ये आले आहेत. एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. खोली, दिशा, मात्रा, कशावरच ताबा नाही. त्यावर याहून जास्त लिहीत नाही.

उशिरा येणारे त्रासही आहेत. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाठ येणं, लाल होऊन दुखणं. फिलरभोवती जंतूंचा चिवट थर बसू शकतो. नळाच्या पाण्यातले क्षयाच्या जातकुळीतले जंतू शिरले तर नेहमीची अँटिबायोटिक लागू पडत नाहीत, नमुना तपासून महिनोन्महिने औषधं घ्यावी लागतात. दुसरा प्रकार रुंदीचा. दर वर्षी 'टचअप' घेणाऱ्यांच्या नाकात जुना फिलर शिल्लक असताना नवा पडतो, तो बाजूला पसरतो आणि नाकाचा वरचा भाग कपाळाइतकाच सपाट आणि रुंद दिसू लागतो. वर्षभरात फिलर संपतो हे सर्वांच्या बाबतीत खरं नाही, एमआरआयमध्ये तो कित्येक वर्षांनीही दिसलेला आहे.

तुमच्या बाबतीत मला खटकतं ते वेळापत्रक. पाच आठवड्यांत साधी सूज उतरेल, हे खरं. पण कातडीला काही झालं तर पाच आठवड्यांनी तिथे खपली किंवा काळा डाग असेल, आणि आपल्या कातडीवर तो डाग महिनोन्महिने टिकतो. शिवाय केळवण, हळद, मेंदी यांच्या गर्दीत नाक बघायला फुरसत कोणाला? सुईनंतरचे पहिले दोन तीन दिवस नाकावर हळद, मेकअप, क्रीम काही नको, कारण रंगच झाकला गेला तर वर सांगितलेली तपासणी होणार नाही. दाबाची नथ आणि जड चष्मा किमान दोन आठवडे टाळावा लागतो. नाक नव्याने टोचून घ्यायचं असेल तर ते वेगळ्या वेळी.

तरीही करायचंच ठरवलं तर त्या क्लिनिकला विचारा: फिलर नक्की कोणता, आणि बंद खोका माझ्यासमोर उघडून त्याचं स्टिकर माझ्या कागदावर लावणार का? हायल्युरोनिडेजच्या किती कुप्या आहेत, दाखवाल का? सुई कोण मारणार, त्यांचा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय? डोळ्याला काही झालं तर कोणत्या रुग्णालयात नेणार, तिथल्या नेत्रतज्ज्ञाशी बोलणं झालेलं आहे का? रात्रीचा फोन डॉक्टरांचा स्वतःचा की रिसेप्शनचा? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. सकाळची वेळ घ्या, शनिवारची संध्याकाळ नको. आणि त्याच संध्याकाळी नाशिकची गाडी पकडू नका. दोन रात्री मुंबईत कोणाकडे तरी राहा आणि दर काही तासांनी नाकाचा फोटो दिवसाच्या किंवा पांढऱ्या उजेडात काढून ठेवा.

माझ्याकडे आला असतात तर लग्नाआधी मी यातलं काहीही केलं नसतं. मध्यावरचं उंच हाड चांगल्या मेकअपवालीला छायेने सहज लपवता येतं, आणि हाड खरंच नको असेल तर त्याचा कायमचा उपाय ऑपरेशन आहे, जे लग्नानंतर निवांत ठरवता येईल. ॲडव्हान्सची पावती असेल तर लेखी परत मागा. देत नाहीत म्हणाले तर निदान तारीख पुढे ढकलून घ्या, किंवा तीच रक्कम लग्नाआधीच्या साध्या त्वचेच्या उपचारांत वळती करायला सांगा. बरेच जण त्याला तयार होतात.